कृत्रिम धाग्याला उष्णता आणि वाफ: धागा काय लक्षात ठेवतो आणि काय विसरतो

पॉलिस्टरच्या पँटला शिवतानाच दाबून बसवलेली इस्त्रीची कडा वीस धुण्यांनंतरही जागची हलत नाही. तीच पँट एकदा कडकडीत गरम पाण्यातून काढून, पिळून, तशाच पिळलेल्या अवस्थेत गार होऊ दिली तर गुडघ्यामागे पडलेल्या चुण्याही हट्टाने बसतात. एक गोष्ट आपल्याला हवी असते, दुसरी नको असते, पण धाग्याच्या दृष्टीने दोन्ही एकच. गरम असताना त्याला ज्या स्थितीत धरलं, त्याच स्थितीत तो गार झाला.

म्हणून हीट सेटिंग (उष्णतेने धाग्याचा किंवा कापडाचा आकार पक्का करणं) असो, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखाली वाफ देणाऱ्या बंद भांड्यात, सुताची वाफवणी असो किंवा घरची साधी इस्त्री, ‘किती अंशाला?’ हा प्रश्न एकटा अपुरा आहे. कोणत्या ताणाखाली गरम केलं, पाणी सोबत होतं की नाही आणि गार होताना धागा कुठे होता, ही तीन उत्तरं हातात नसतील तर तापमानाचा आकडा फारसा उपयोगी नाही.

आत नेमकं काय घडतं

पॉलिस्टर, नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन हे तंतू वितळलेल्या द्रवातून बारीक छिद्रांवाटे ओढून काढतात आणि मग मूळ लांबीच्या काही पट ताणतात. या ताणण्यामुळे लांबलचक रेणू तंतूच्या दिशेने सरळ होतात आणि तंतूला बळकटी येते. काही भागांत रेणू शिस्तीने रचले जाऊन स्फटिक बनतात, उरलेल्या भागांत ते अस्ताव्यस्त असतात. अस्ताव्यस्त भागातले रेणू सरळ झाले तरी खुशीने झालेले नसतात. गार झाल्यामुळे ते तसेच अडकून पडतात, एवढंच. वेटोळं होऊन बसण्याची त्यांची ओढ तशीच शाबूत असते.

तंतू पुन्हा गरम झाला की एका ठराविक तापमानानंतर या रेणूंना हालचालीची मोकळीक मिळते. या तापमानाला ग्लास ट्रान्झिशन तापमान म्हणतात. ते ओलांडलं की अडकलेले रेणू वेटोळे होऊ पाहतात, आणि बाहेरून आपल्याला कापड आटलेलं दिसतं. उष्णता आणखी वाढवली की दुसरी क्रिया जोर धरते. लहान, अर्धेकच्चे स्फटिक वितळतात आणि त्या जागी मोठे, पक्के स्फटिक तयार होतात. हे नवे स्फटिक म्हणजे कुलपं. ती लागली की त्या वेळचा आकार बंदिस्त होतो. या दोन्ही क्रिया बरोबरीने चालतात: एक आटवते, दुसरी बांधून ठेवते. हीट सेटिंगचं सगळं कसब आटण्याला आपण ठरवू तेवढीच वाट देऊन मग कुलूप लावण्यात आहे.

ही आठवण केवळ बोलण्यापुरती नाही. सेट केलेल्या पॉलिस्टरचा तुकडा डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमीटरमध्ये (नमुना तापताना किती उष्णता घेतो ते मोजणाऱ्या यंत्रात) हळूहळू तापवला, तर मुख्य वितळबिंदूच्या आधी आलेखावर एक छोटा उंचवटा दिसतो. सेटिंग साधारण कोणत्या तापमानाला झालं होतं, हे त्यावरून सांगता येतं. त्या वेळी तयार झालेले स्फटिक त्याच्या जरा वरच्या तापमानाला वितळतात, म्हणून हा उंचवटा. यातून एक व्यावहारिक नियम निघतो: एकदा बसलेला आकार मोडायचा असेल तर तो जितक्या तापमानाला बसला त्याहून वर जावं लागतं. खाली राहून कितीही वेळ घासलं तरी काही होत नाही.

पहिली पायरी: तंतू कोणता ते ओळखा

लेबल असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर दोन-चार धागे चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्या. खाली पाण्याची वाटी ठेवा, कारण वितळलेला थेंब कातडीवर पडला तर चिकटून भाजत राहतो. पॉलिस्टर आक्रसत वितळतो, काळा धूर देतो आणि मागे कडक मणी ठेवतो. नायलॉनचा धूर काळा नसतो आणि मणी फिकट, राखाडी-तपकिरी असतो. अॅक्रिलिक भडकून जळतं, मागे वेडावाकडा काळा गोळा राहतो. पॉलिप्रॉपिलीनला जळत्या मेणबत्तीसारखा वास येतो. त्याची एक सोपी खूण अशी की त्याची घनता ०.९१ असल्याने ते पाण्यावर तरंगतं. नायलॉन (१.१४) आणि पॉलिस्टर (१.३८) बुडतात. मात्र धागा आधी नीट भिजवून हवेचे बुडबुडे काढून टाका, नाहीतर सगळंच तरंगेल.

आता आकडे. पॉलिस्टरचा वितळबिंदू सुमारे २५५ ते २६० अंश सेल्सिअस. ग्लास ट्रान्झिशन ७० ते ८० अंशांपासून, नीट ताणलेल्या तंतूत त्याहून वर. नायलॉन ६ वितळतो २१५ ते २२० अंशांना आणि नायलॉन ६६ जवळजवळ पॉलिस्टरएवढ्या, म्हणजे २५५ ते २६५ अंशांना. नावात एका आकड्याचा फरक आणि वितळबिंदूत ४० अंशांचा! नायलॉन ६ ला नायलॉन ६६ समजून स्टेंटरमध्ये (कापडाच्या दोन्ही कडा साखळीवरच्या पिनांनी धरून ते गरम हवेतून नेणाऱ्या यंत्रात) घालणं ही महागात पडणारी चूक आहे, आणि ज्योतीच्या चाचणीत हे दोघे वेगळे ओळखू येत नाहीत. खात्री नसेल तर वितळबिंदू मोजून घ्या किंवा नायलॉन ६ धरूनच चाला. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंशांना वितळतं. अॅक्रिलिक धड वितळत नाही, ते मऊ पडतं, पिवळं होतं आणि मग विघटित होतं.

दुसरी पायरी: कोरडी उष्णता की वाफ

‘वाफ म्हणजे ओली उष्णता, तापमान सारखं तर परिणाम सारखा’ असं पुष्कळ जण धरून चालतात. तसं नसतं, आणि कारणं दोन आहेत.

पहिलं कारण उष्णता पोचवण्याचं. १०० अंशांची एक किलो वाफ थंड धाग्यावर पाणी होऊन बसते तेव्हा सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता सोडते. एक किलो गरम हवा १०० अंशांनी गार झाली तर जेमतेम १०० किलोज्यूल मिळतात. शिवाय वाफ जिथे थंड जागा असेल तिथेच आधी जमते, त्यामुळे जाड गुंडाळ्याच्या आतल्या थरापर्यंत उष्णता बऱ्यापैकी समान पोचते. सुताचे कोन किंवा बॉबिन सेट करायला वाफ वापरतात ती यासाठीच.

दुसरं कारण पाण्याचं, आणि इथे प्रत्येक तंतूची तऱ्हा वेगळी. नायलॉन पाणी पितो. सर्वसाधारण दमट हवेतही त्यात वजनाच्या ४ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. नायलॉनचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात, पाणी मध्ये शिरून ही पकड सैल करतं. कोरड्या नायलॉनचं ग्लास ट्रान्झिशन ५० अंशांच्या आसपास असतं, पूर्ण ओला झाला की ते खोलीच्या तापमानाच्याही खाली घसरतं. त्यामुळे नायलॉन ६ ला कोरड्या हवेत सुमारे १९० अंश लागतात ते काम संपृक्त वाफेत (त्या दाबाला पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच तापमानाच्या वाफेत) १२० ते १३० अंशांतच होतं. कमी तापमानामुळे आणि हवा नसल्यामुळे पिवळेपणाही टळतो. १९४० साली अमेरिकेत नायलॉनचे तलम लांब मोजे बाजारात आले, तेव्हा ते पायाच्या आकाराच्या साच्यावर चढवून वाफेतच बसवत. घोट्याचा, टाचेचा आकार धाग्याने धरला तो असा.

पॉलिस्टर याच्या उलट. त्यात ओलावा असतो जेमतेम ०.४ टक्के. पाणी आत फारसं शिरतच नाही, तर पकड नायलॉनइतकी सैल कुठून होणार? वाफेमुळे नायलॉनला तापमानात मिळते तेवढी सवलत पॉलिस्टरला मिळत नाही. शिवाय एक धोका वाढतो: जास्त तापमानाची वाफ रेणूंमधले एस्टर बंध तोडते, म्हणजे जलविघटन होतं. थोड्या वेळात फरक जाणवत नाही, पण वेळ लांबला किंवा कापडात धुलाईचा अल्कली उरलेला असला तर बळकटी उतरते. म्हणून पॉलिस्टर कापडाचं सेटिंग कोरड्या हवेत, साधारण १८० ते २१० अंशांना करतात. पॉलिस्टर सूत वाफवतात ते फक्त पीळ शांत करायला. तिथे कापडाची मापं कायमची बांधायची नसतात, त्यामुळे कमी तापमान पुरतं.

अॅक्रिलिकला वाफ मानवते, तीही फार जोरात. कोरडं असताना त्याचं ग्लास ट्रान्झिशन ८५ ते ९५ अंश, ओलं असताना बरंच खाली. म्हणजे उकळत्या पाण्यात किंवा वाफेत अॅक्रिलिक अगदी लोळागोळा अवस्थेत असतं, जरा ओढलं तरी लांबतं. याच स्वभावाचा फायदा घेऊन फुगीर लोकरी सूत बनवतात: न आटणारे आणि पाचव्या हिश्श्याएवढे आटणारे तंतू एकत्र कातायचे आणि सूत सैल ठेवून वाफवायचं. आटणारे आखडतात, न आटणारे बाहेर फुगतात. स्वेटरची ऊब त्या फुगवट्यात अडकलेल्या हवेत असते.

पॉलिप्रॉपिलीन पाणी अजिबात पीत नाही. त्याचा वितळबिंदू इतका कमी असतो की सेटिंग १३० अंशांच्या आसपासच उरकावं लागतं.

तिसरी पायरी: तुकड्यावर आटणी मोजा

पूर्ण मालाला हात लावण्याआधी कापडावर ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) आणि बाण्याच्या (आडव्या धाग्यांच्या) दिशेने २५ सेंटीमीटरच्या खुणा न जाणाऱ्या शाईने करा. तुकडा अर्धा तास उकळत्या पाण्यात सैल सोडा, बाहेर काढून न ओढता वाळवा आणि पुन्हा मोजा. २५ चे २३.५ झाले तर आटणी ६ टक्के. दुसरा तुकडा सेटिंगच्या तापमानाच्या ओव्हनमध्ये सैल टांगा. कोरडी आटणी बहुधा उकळीच्या आटणीपेक्षा जास्त निघेल, कारण तापमान जास्त आहे. या दोन आकड्यांवरून किती आटू द्यायचं ते ठरतं.

सुतासाठी आणखी सोपी चाचणी आहे. मीटरभर सूत दोन्ही हातांत ताणून धरा आणि हात हळूहळू जवळ आणा. मधला भाग स्वतःभोवती गुंडाळून वेटोळी घालू लागला तर पीळ अजून जिवंत आहे. नीट वाफवलेलं सूत शांतपणे खाली लोंबतं.

चौथी पायरी: तापमान

कापडाला पुढे जी सगळ्यांत मोठी उष्णता सोसायची आहे त्याच्या ३० ते ४० अंश वर सेटिंग करावं, असा कामचलाऊ नियम आहे. पॉलिस्टर दाबाखाली १३० अंशांना रंगणार असेल तर १८० वर निर्धास्त राहता येतं. पण त्यावर नंतर सुमारे २०० अंशांची सब्लिमेशन छपाई (कागदावरचा रंग उष्णतेने वायू करून कापडात उतरवणं) होणार असेल, तर १८० ला बांधलेलं कापड छपाईच्या प्रेसखाली पुन्हा आटणार, आणि चित्राच्या कडा वाकणार.

इलास्टेन (रबरासारखा ताणला जाणारा कृत्रिम धागा) मिसळलेलं असेल तर गणित अवघड होतं. इलास्टेन बसायला १८० ते १९५ अंश लागतात, मात्र तापमान आणि वेळ वाढेल तशी त्याची ओढून परत येण्याची ताकद कमी होते. सोबत नायलॉन ६ असेल तर वरची मर्यादाही जवळ येते. अशा कापडाला पाच-पाच अंशांच्या फरकाने नमुने काढण्यावाचून गत्यंतर नाही. घाई करू नका.

पाचवी पायरी: ताण

माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित पायरी हीच. तापमानाचे डायल सगळे बघतात, ताणाकडे कोणी बघत नाही.

कापड घट्ट धरून सेट केलं तर रेणूंची सरळ रचना टिकते, बळकटी आणि ताठपणा राहतो, पण आत थोडा ताण उरतो. पूर्ण सैल सोडलं तर ते मनासारखं आटतं, नंतर जवळजवळ आटत नाही, मऊ आणि लवचीक होतं. बळकटी मात्र उतरते आणि ते अधिक लांबतं. बहुतेक वेळा मधला मार्ग लागतो. स्टेंटरवर कापड ओव्हरफीडने, म्हणजे साखळीच्या गतीपेक्षा थोडं जास्त भरून पुढे ढकलायचं, आणि रुंदी शेवटी हव्या असलेल्या मापाला धरायची. तिसऱ्या पायरीत ६ टक्के आटणी निघाली असेल तर ओव्हरफीड साधारण तितकाच. रुंदी जबरदस्तीने ओढून माप वाढवण्याचा मोह आवरा, ती रुंदी पुढच्या गरम धुण्यात परत जाते.

सुताच्या गुंडाळ्यांबाबत एक खाच आहे. घट्ट गुंडाळीत बाहेरचे थर आतल्यांना आवळतात. बाहेरचं सूत थोडं आटतं, आतल्याला जागाच नसते. विणल्यावर कापडात पट्टे दिसतात आणि दोष रंगाईवर ढकलला जातो. गुंडाळी मऊ हवी, किंवा आटल्यावर दबणारी नळी हवी.

सहावी पायरी: वेळ आणि हवा काढणं

स्टेंटरमधल्या पातळ कापडाला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ पुरतो. पण हा वेळ कापड सेटिंगच्या तापमानाला पोचल्यापासून मोजायचा, चेंबरमध्ये शिरल्यापासून नाही. ओलं कापड शिरलं तर पहिले सेकंद नुसतं पाणी उडवण्यात जातात.

ऑटोक्लेव्हमध्ये वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत वेळ लागतो, गुंडाळीच्या जाडीप्रमाणे. तिथे घोळ होतो तो हवेमुळे. संपृक्त वाफ मापकावर १ बार दाब दाखवताना सुमारे १२० अंशांची असते, २ बारला १३४ ची. पण आत हवा अडकली असेल तर दाबात तिचाही वाटा असतो, म्हणून मापक तोच आकडा दाखवतो आणि तापमान खाली राहतं. हवेचा कप्पा गुंडाळीच्या पोटात राहिला तर बाहेरचं सूत सेट, आतलं कच्चं. म्हणून आधी निर्वात करायचं, वाफ सोडायची, पुन्हा निर्वात करायचं आणि मग मुख्य वाफ द्यायची. नायलॉनला याचा आणखी एक फायदा म्हणजे ऑक्सिजन गेला की पिवळेपणाचं मुख्य कारण गेलं. दार उघडण्याआधी दाब पूर्ण शून्यावर आल्याची खात्री करा. मापक आणि निचऱ्याचा व्हॉल्व्ह दोन्ही बघा.

आत काय घालता हेही महत्त्वाचं. कताईचं तेल, खळ, डाग यांच्यासकट कापड गरम केलं तर ते पक्के होतात. आधी धुवा, अल्कली पूर्ण काढा.

सातवी पायरी: गार करणं

कुलूप लागतं ते इथे. कापड पिनांवर ताणलेलं असतानाच थंड हवेने ग्लास ट्रान्झिशनच्या खाली आणायचं. पॉलिस्टर हाताला कोमट लागेल इतकं गार झाल्यावरच गुंडाळा. गरम गुंडाळलं तर रोलमधली प्रत्येक घडी, प्रत्येक दाब त्यात उमटतो, आणि गुंडाळीच्या मध्याची उष्णता तासन्‌तास टिकत असल्यामुळे तो भाग आपोआप पुन्हा सेट होत राहतो.

रंगावर होणारा परिणाम

पॉलिस्टर सेट केलं की रंग कमी घेतो, हे अर्धसत्य आहे. सेटिंगचं तापमान वाढवत गेलं की रंग शोषणं आधी कमी होतं, १६० ते १८० अंशांच्या पट्ट्यात तळाला जातं आणि पुढे पुन्हा चढतं. सुरुवातीला असंख्य बारीक स्फटिक रंगाच्या रेणूंची वाट अडवतात. तापमान आणखी वाढलं की मोजके पण मोठे स्फटिक बनतात, त्यांच्या मधल्या मोकळ्या गल्ल्या रुंद होतात. म्हणजे स्टेंटरची डावी बाजू उजवीपेक्षा थोडी जरी गरम असली तरी रंगवल्यावर कडेपासून मध्यापर्यंत छटा बदलते. रंगवण्याआधी हे डोळ्यांना दिसत नाही. शंका असेल तर दोन्ही कडा आणि मध्य यांचे तुकडे एकाच भांड्यात, फिकट छटेत रंगवून शेजारी ठेवा.

नायलॉनचं वेगळं आहे. कोरड्या उष्णतेत त्याच्या टोकाच्या अमिनो गटांचं ऑक्सिडीकरण होतं आणि अॅसिड रंगांना धरायला जागाच कमी उरतात. वाफेत रचना उलट मोकळी होते, रंग जास्त आणि लवकर चढतो. एकाच खेपेतलं अर्धं सूत कोरडं आणि अर्धं वाफेवर सेट केलेलं असेल तर ते एका कापडात घालू नका.

पॉलिस्टरच्या वाफवणीनंतर किंवा दाबाखालच्या रंगाईनंतर कापडावर पांढरी भुकटी आली, तर ते बहुधा ऑलिगोमर असतात: तंतूच्या आतले लहान वलयाकार रेणू उष्णतेने पृष्ठभागावर येतात. रंगाईचं पाणी गरम असतानाच सोडलं तर ते कमी बसतात.

घरी हेच सगळं, छोट्या प्रमाणात

इस्त्रीच्या चिन्हातला एक ठिपका म्हणजे सुमारे ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. अॅक्रिलिक आणि नायलॉनला एक, पॉलिस्टरला फार तर दोन, पॉलिप्रॉपिलीनला इस्त्रीच नको. पॉलिस्टरच्या प्लीट बसवताना वर ओलसर सुती कापड ठेवून दाबा, सरकवू नका. मग इस्त्री उचलून घडी हलवू नका, पूर्ण गार होऊ द्या. बहुतेकांचं प्लीट याच क्षणी बिघडतं, कारण घडी गरम असतानाच कपडा हँगरवर जातो.

अॅक्रिलिक विणकामावर वाफ देताना इस्त्री दोन-तीन सेंटीमीटर वर धरा, टेकवू नका. मी स्वतः एकदा एका शालीची कड सरळ करायला इस्त्री हलकेच टेकवली होती. कड सरळ झाली खरी, पण त्या पट्टीतला फुगवटा कायमचा गेला आणि ती ओल्या फडक्यासारखी लोंबू लागली. काही विणणारे झुळझुळीत पडण्यासाठी हे मुद्दाम करतात. मला तसं हवं नव्हतं.

बिघडलेलं काय सुधारतं हेही तापमानाच्या त्याच शिडीवर ठरतं. गरम धुण्यात बसलेली चुणी १५० अंशांच्या इस्त्रीने निघते, कारण ती खालच्या पायरीवर बसली होती. कारखान्यात १९० ला बसलेली घडी घरच्या इस्त्रीने निघणार नाही, प्रयत्नात कापड मात्र चकाकेल. ही चकाकी म्हणजे पृष्ठभागावरचे तंतू मऊ होऊन चपटे झालेले असतात. वाफ, ब्रश, पुन्हा धुणं, कशानेही ते गोल होत नाहीत. तो भाग शिवणीच्या आत घेता येतो का ते बघा, आणि पुढच्या वेळी उलट्या बाजूने इस्त्री करा.